न उघडलेली पट्टी

ताईचा राग नाकावर असतो असं गल्लीत सगळे म्हणत, पण ते काही खरं नव्हतं. नाकावरचा राग कधीतरी खाली उतरतो. ताईचा राग काम चालू असताना हातात असायचा, काम संपलं की खिशात, आणि झोपताना उशाशी. गिऱ्हाइकं गॅरेजच्या पायरीवर थांबून आधी कानोसा घेत. पाने आपटल्याचा आवाज येत असला तर ‘उद्या येऊ’ म्हणत गाडी ढकलत परत जात. पण उद्या तिच्याकडेच येत, कारण तिनं बांधलेलं इंजिन पुन्हा उघडावं लागत नसे.

गॅरेज बाबांचं. बाबा गेले तेव्हा ताई पंचवीसची होती आणि आता सत्तेचाळीसची. मागच्या दोन खोल्यांत ती आणि आई राहत. लग्नाचा विषय एकदा निघाला होता. बघायला आलेल्या माणसानं खुर्चीत रेलून विचारलं, “लग्नानंतर हे हात स्वच्छ होतील ना?” ताईनं त्याच हातांनी त्याच्या पुढ्यातला पाण्याचा पेला उचलला, आत नेला आणि परत आणलाच नाही. तो विषय तिथंच मिटला.

तिला सगळ्यात जास्त चीड यायची ती अंदाजपंचे बोलणाऱ्यांची. गिऱ्हाईक येऊन सांगायला लागलं, “ताई, पिस्टन गेलाय बहुतेक,” की तिच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. “तू बघितलास? उघडून बघितलंस? मग कशाला तोंड उघडतोस? आधी गाडी उघडायची, मग तोंड.” हे मूळ बाबांचं बोलणं, पण बाबा ते हसून म्हणत. आईचा गुडघा न बघताच गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरलाही ताईनं हेच ऐकवलं होतं. डॉक्टरांनी निमूटपणे उठून गुडघा बघितला.

तर अशी ही ताई. आयुष्यात एकदाच तिनं उघडून न बघता तोंड उघडलं, आणि ते नेमकं सख्ख्या भावावर.

भाऊ तिच्याहून नऊ वर्षांनी लहान. घरात त्याला धाकटा म्हणत, आणि मग गल्लीही त्याला धाकटाच म्हणायला लागली. त्याला पाना धरायला ताईनंच शिकवलं. माणूस शांत. त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे गंजलेला बोल्ट काढण्याइतकी मेहनत. ताईनं दिवसभर आरडाओरडा करावा आणि धाकट्यानं मान खाली घालून बोल्ट आवळावेत, अशी त्या दोघांची जोडी वर्षानुवर्षं बिनबोभाट चालली होती.

चार वर्षांपूर्वी गणिताचे सर त्यांची मोटारसायकल घेऊन आले. गाडी जुनी, पण सरांसारखीच जपून वापरलेली. दुखणं एकच. ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फाट्‌ फाट्‌ असे बार निघत. सर नेमके शाळेच्या फाटकाशी वेग कमी करत, बार तिथंच निघत आणि अख्खी शाळा खिडक्यांना लटके. पोरांनी त्यांचं नाव ‘फटाके सर’ ठेवलं होतं. भूमितीच्या तासाला मागच्या बाकावरून कुणीतरी तोंडानं बार काढी.

“काहीही करा, पण हे बंद करा,” सर म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता.

ताईला दुखणं ऐकताक्षणी कळलं, तरी तिनं गाडी उघडली. या गाड्यांच्या इंजिनाच्या माथ्यावर एक छोटी झडप असते. तिच्यातून ताजी हवा धुराच्या वाटेत जाते, उरलंसुरलं पेट्रोल तिथंच जळून जातं आणि धूर जरा स्वच्छ होऊन बाहेर पडतो. सायलेन्सर जुना झाला की तेच पेट्रोल आत भडकून वाजतं. झडप काढून त्या भोकावर पट्टी ठोकली की आवाज बंद. नियमानं हे करायचं नसतं. ताईनं सरांना तसं सांगितलं. सरांनी हात जोडले. जोडलेल्या हातांपुढे ताईचं काही चालत नसे, आणि याचाही तिला राग यायचा.

पट्टी बसवायची तिची एक रीत होती. जाड ॲल्युमिनियमची पट्टी भोकाच्या मापानं कापायची. काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर पसरून त्यावर ती घासायची, अशी की वर पातळ कागदसुद्धा डुगडुगू नये. मग कापलेलं पॅकिंग, त्यावर सीलंटचा, म्हणजे फट बुजवणाऱ्या लुकणाचा, पातळ हात, आणि चार बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळायचे. कारण त्या पट्टीपलीकडे इंजिनाचा तापलेला धूर दडपून उभा असतो. केसाएवढी फट मिळाली तरी तो तिथून ज्योतीसारखा निघतो.

आणि एक गोष्ट फक्त ताईची होती. भोकाच्या कडेचं जुनं पॅकिंग खरवडताना त्याचा चुरा आत पडू नये म्हणून सगळेच मेकॅनिक भोकात चिंधीचा बोळा कोंबतात. ताई त्या बोळ्याला लाल दोरा बांधायची आणि दोरा बाहेर लोंबता ठेवायची, म्हणजे बोळा आत विसरायला नको. दुसरे गॅरेजवाले हसायचे. “ताईच्या इंजिनाला शेपूट फुटतं,” म्हणायचे. ताई म्हणायची, “तुमच्या इंजिनात धडुती राहतात त्यापेक्षा माझं शेपूट परवडलं.”

त्या दिवशी सरांच्या गाडीची पट्टी ताईनं घासली. सीलंटचा हात धाकट्यानं दिला. मग ताईनं बोळा काढला, पट्टी ठेवली आणि म्हणाली, “आवळ.” धाकट्यानं बोल्ट आवळले. हवेची नळी बुचानं बंद केली. गाडी चालू झाली, ॲक्सिलरेटर सोडला, आवाज नाही. सरांनी लहान मुलासारखं तीनदा ॲक्सिलरेटर सोडून बघितला आणि हसत हसत गेले.

पाचव्या दिवशी सरांची गाडी भर रस्त्यात पेटली. पट्टीच्या एका कोपऱ्यातून धूर निघत होता, त्यानं शेजारची वायर वितळवली, ठिणगी उडाली आणि टाकीखाली जाळ झाला. सरांनी उडी टाकली म्हणून जीव वाचला, पण डावी पोटरी भाजली. बांधकामाच्या वाळूच्या ढिगातून लोकांनी घमेली ओतली तेव्हा आग विझली. पोटरी बरी व्हायला दोन महिने लागले.

गाडी टेम्पोतून गॅरेजात आली. ताईनं वाकून पट्टी बघितली. एका कोपऱ्यावर काजळीची जीभ उमटली होती आणि त्याच कडेनं सीलंट बाहेर फुगून आला होता. बस, तेवढंच तिनं बघितलं.

“तू आवळलंस!” ती रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली. “हा कोपरा सैल ठेवलास आणि वर सीलंट थापलास, चुना थापावा तसा. माणूस मेला असता!”

“मी चारी सारखे आवळले होते, ताई.”

“मग हे काय आहे?”

“उघडून बघू या ना,” धाकटा म्हणाला.

“उघडायचं काय त्यात? मला डोळे नाहीत?”

ती त्याला दंडाला धरून रस्त्यावर घेऊन आली. शिंपी दुकानाबाहेर आला, इस्त्रीवाल्यानं इस्त्री उभी केली, वरच्या गॅलऱ्या भरल्या. आणि तिथं, सगळ्यांसमोर, ती म्हणाली, “तुझ्या हाताला शिस्त नाही. यापुढे बाबांचं नाव लावून पाना धरायचा नाही.”

धाकटा काही बोलला नाही. तो कधी बोलायचाच नाही, म्हणून तिला ते कबुलीसारखं वाटलं. त्यानं हात पुसले, आपले पाने फडक्यात गुंडाळले आणि गेला.

तीन महिन्यांनी त्यानं रस्त्यापलीकडे, मोजून तीस पावलांवर, गाळा घेतला. पाटीवर फक्त ‘दुचाकी दुरुस्ती’. वर नाव लिहायची जागा पांढरी ठेवलेली. ताईला ती पांढरी जागा रोज सकाळी शटर उघडताना दिसायची आणि तिचं डोकं फिरायचं. तिला वाटायचं, मुद्दाम डिवचतोय.

आईनं एकदाच तोंड उघडलं. “तुझा राग तुला लखलाभ. मला माझा मुलगा हवा,” म्हणाली, आणि त्यानंतर दर रविवारी तीस पावलांवरच्या मुलाकडे जायला लागली, परगावी निघाल्यासारखी केस विंचरून, पिशवी घेऊन. संध्याकाळी परत यायची आणि तिकडचं अक्षर सांगायची नाही. ताई विचारायची नाही. विचारायचं नाही म्हणून मग भांडी आपटायची.

सरांची गाडी ताईनं पदरमोड करून दुरुस्त केली, वायर नवी घातली, टाकी रंगवली. पण सर न्यायला आलेच नाहीत. घरून त्यांना गाडीवर बसायची बंदी झाली होती. गाडी कोपऱ्यात ताडपत्रीखाली राहिली. सगळं दुरुस्त झालं, पण पट्टीला तिनं हात लावला नाही. ती धाकट्याच्या गुन्ह्याचा पुरावा होती. नवीन गिऱ्हाईक कधी घाई करायला लागलं की ती ताडपत्री वर करून दाखवायची. “हे बघ. घाईनं आवळलं की असं होतं.”

चार वर्षं तिनं हे दाखवलं. किती जणांना, त्याचा हिशेब नाही.

मग परवा सकाळी सर आले. शाळेतून निवृत्त झाले होते, थोडे वाळले होते, पण ताठ होते.

“गाडी हवीय,” ते म्हणाले. “आता मी कुणाला विचारणार नाहीये. पण धूर तपासणीवाले म्हणतात, ती मूळची झडप परत लावल्याशिवाय गाडी पास होणार नाही.”

“आणि आवाज?”

“वाजू दे वाजायचं ते. शाळेवरून जायचंच नाही आता मला.”

झडप ताईनं ठेवली होती, डब्यात, तेल लावून, वर चिठ्ठी चिकटवून. तिनं ताडपत्री ओढली, सरांना स्टूल दिलं आणि आठचा पाना लावला. लावता लावताच तोंड चालू झालं. “बघा आता, हा कोपऱ्यातला कसा बोटानं फिरेल. चार वर्षं सांगतेय मी.”

कोपऱ्यातला बोल्ट बोटानं फिरला नाही. पान्यावर जोर द्यावा लागला आणि तो कट्‌ करून सुटला. मग समोरचा, कट्‌. मग उरलेले दोन. चारी बोल्ट एकाच ताकदीनं, एकाच आवाजात सुटले. ताईचं तोंड बंद झालं. असे बोल्ट आवळणारा हात तिला माहीत होता. त्या हाताला तिनंच वळण लावलं होतं.

तिनं पट्टीला लाकडी दांड्यानं हलकेच ठोकलं आणि ती उलटी केली.

पॅकिंगवर सीलंटचा हात पातळ, एकसारखा होता. फक्त त्या एका कोपऱ्यात, आतून बाहेरपर्यंत, एक बारीक नाली पडली होती. नालीच्या दोन्ही कडांवर पीळ उमटला होता, दोऱ्याचा पीळ, साच्यात उमटावा तसा स्वच्छ. आतल्या टोकाला काळी राख. बाहेरच्या टोकाला, सीलंटच्या फुगवट्यात अडकून जळायचे राहिलेले तीन-चार तंतू. लाल.

ताईच्या कानशिलांत धग उठली. तिला तो दिवस अख्खा आठवला. सुट्या भागांच्या व्यापाऱ्यानं दुसऱ्याच गाडीचं पॅकिंग पाठवलं होतं. ती फोन मान आणि खांद्यात धरून त्याच्या सात पिढ्या उद्धरत होती, आणि एका हातानं तिनं बोळा ओढला होता. झटक्यात. दोरा तुटल्याचं तिला जाणवलंही असेल. बघायला सवड कुठं होती? शिव्या संपल्या नव्हत्या. बोळा बाहेर आला, दोऱ्याचा तुकडा कडेवर पडून राहिला, त्यावर तिनं स्वतः पट्टी ठेवली आणि म्हणाली, आवळ.

“काय झालं?” सरांनी विचारलं.

त्यांना काहीच कळलं नव्हतं. आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस, त्याला पॅकिंगवरची नाली कशी वाचता येणार? ताईच्या उजव्या हाताशी खरवडणी पडली होती. खरवडायचं तर होतंच, झडप बसवण्याआधी ती जागा साफ करावीच लागते. दोन हात मारले असते की नाली गेली असती, दोरा गेला असता आणि जगात कुणाला कळलं नसतं. तिनं खरवडणी उचललीसुद्धा.

आणि तिला असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं. दोऱ्याचा राग आला, व्यापाऱ्याचा आला, आज उगवलेल्या सरांचा आला. धाकट्याचा तर सगळ्यात जास्त आला. एकदा म्हणाला ‘उघडून बघू या’ आणि गप्प बसला, मेला! माझ्या हातातून पाना हिसकावून उघडलं का नाही? मग ते सगळे राग एकामागून एक तिच्याकडेच परत आले, आणि तिथून त्यांना जायला कुठं जागा नव्हती. तिनं खरवडणी भिंतीवर फेकून मारली. सर स्टुलावरून उठून उभे राहिले.

“तुमची पोटरी माझ्यामुळे भाजली,” ती म्हणाली. “त्याच्यामुळे नाही. बसा इथंच.”

पॅकिंग चिकटलेली पट्टी हातात घेऊन ती रस्ता ओलांडून गेली. चार वर्षांत पहिल्यांदा.

धाकट्याच्या गाळ्यात दोन गिऱ्हाइकं होती. तो चाक फिरवत बसला होता. ताईनं पट्टी त्याच्यासमोर धरली. 

“दोरा राहिला होता,” ती पुटपुटली. “माझा.”

धाकट्यानं पट्टी घेतली, उजेडात धरली. नालीवरून अंगठ्याचं नख फिरवलं.  मग त्याची मान लाल झाली.

“आत येऊन हळू बोलतेस होय?” तो म्हणाला.

“काय?”

“त्या दिवशी कुठं बोलली होतीस? कानात बोलली होतीस माझ्या?” तो उठला तसं चाक आडवं पडलं. “चार वर्षं! चार वर्षं लोक गाडी लावायच्या आधी मला विचारतात, बोल्ट नीट आवळशील ना? माझ्या पोरीला शाळेत विचारतात, तुझ्या बाबांनी सरांना जाळलं का? पाटीवर बापाचं नाव लिहिता येत नाही मला! आणि तू इथं येऊन पुटपुटतेस! तुला कुणी सांगितलं होतं गं, न उघडता बोलायला? एकच वाक्य म्हणालो होतो मी. एकच!”

धाकट्याला ओरडताना गल्लीनं कधी ऐकलं नव्हतं. शिंपी बाहेर आला. पलीकडे गॅरेजच्या दारात आई उभी होती, तिच्यामागे सर.

ताईच्या जिभेवर उत्तर आलं होतं. तिच्या जिभेवर उत्तर नाही असं होतच नसे. ते तिनं गिळलं. ती वळली, रस्त्याच्या मधोमध गेली आणि पूर्ण छाती भरून, व्यापाऱ्याला झापायची त्या आवाजात ओरडली:

“ऐका! सरांची गाडी माझ्यामुळे पेटली! पट्टीखाली दोरा माझा राहिला! ह्यानं चारी बोल्ट बरोबर आवळले होते! मी उघडून बघितलं नाही आणि ह्याला बोलले!”

एक रिक्षावाला मागून भोंगा वाजवत होता. ताईनं वळून त्याच्याकडे असं बघितलं की भोंगा बंद झाला. वरच्या गॅलरीतून कुणीतरी विचारलं, “काय म्हणाली?” तर तिनं सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापेक्षा जोरात.

धाकटा दारात उभा होता. “ऐकलं,” म्हणाला आणि आत गेला.

ताई परत आली. आईनं तिच्याकडे बघितलं आणि पाण्याचा तांब्या आणून दिला. ताई कामाला लागली, कारण दुसरं काय करायचं हे तिला कळत नव्हतं. जागा खरवडली, लाल दोऱ्याचा बोळा लावून. बोळा काढला. दोरा बोटांवर लांब करून नखानं मापला, पूर्ण आहे ना ते बघितलं. नवं पॅकिंग, मूळची झडप, वरचं झाकण, चार बोल्ट. समोरासमोरचे, थोडे थोडे. शेवटचा बोल्ट आवळून ती उभी राहिली तेव्हा दारातला उजेड अडला.

धाकटा आला होता. तो ताईकडे न बघता सरळ गाडीपाशी गेला, उकिडवा बसला आणि वाकून झाकण बघायला लागला.

“झालंय,” ताई म्हणाली. “बसवलंय नीट.”

“तू म्हणतेस.”

“मग? मी बसवलंय!”

“म्हणूनच,” धाकटा म्हणाला. “उघडून बघतो.”

बावीस वर्षांत ताईनं बांधलेल्या कामाला कुणी पाना लावला नव्हता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. सर स्टुलावर आक्रसून बसले. आईनं दाराची चौकट धरली. ताईनं तोंड उघडलं, दात आवळले आणि खिशातला आठचा पाना काढून त्याच्या पुढं केला.

“उघड,” ती म्हणाली.

त्यानं पाना घेतला आणि चारी बोल्ट काढले.